शाहिरी, अमेरिकन, भाग तीन

रविवार, रात्रीचे नऊ. धानाचे भाव वाचून झाले,
हरवलेल्या म्हशीचं वर्णनही दोनदा.
आता मोहाडीच्या या खोलीत
भिंतीला चिकटवलेले अंड्यांचे ट्रे, मी,
आणि धनपालमामाच्या कॅसेटी.

मामा जहाजावर चादरी धुवायचा.
अठ्ठ्याऐंशी ते त्र्याण्णव. बंदर लागलं की
तिथल्या रेडिओवर रात्री जे वाजे ते टेप करी,
समजो न समजो.
घरी आल्यावर निळ्या पेनानं लेबल लावी:
शाहिरी, अमेरिकन, भाग एक. भाग दोन.
भाग तीनवर पाणी सांडलंय,
तरी सगळ्यात जास्त मी तोच लावते.

ऐका श्रोतेहो, हा माणूस गात नाही,
नुसता बोलतही नाही.
आधी स्वतःचं नाव सांगतो, मग गल्लीचं,
मग समोरच्याला विचारतो, आहे का दम.
कलगीवाल्यानं तुरेवाल्याला विचारावं तसं,
फक्त इथं मधे डफ नाही,
एक तबकडी मागे-पुढे घासतात,
चर्र-चक, चर्र-चक,
सुपात लाखोरी पाखडल्यागत.

राग आहे त्यात. घरभाड्याचा, पोलिसांचा,
शाळेच्या पुस्तकात आपलं पान नसण्याचा.
इंग्रजी मला अर्धं कळतं.
उरलेलं अर्धं मी कधी कोणाला विचारलं नाही.

पहिले तीन महिने फोन यायचे
ते म्हशीसाठीच.
मग एका रविवारी, गाणं अर्ध्यावर असताना:
"मी डोमा बुरडे बोलतो, आंधळगाव.
खडी गंमतीत ढोलकी वाजवो, चाळीस वर्स.
बाई, तो वाजवनारा पोरगा काऊन अडकला जी?
चार ठोके, अन् पुन्हा थेच चार.
त्याले पुढचं येत नाही का?"

मी म्हटलं, बाबाजी, तो पोरगा तिथं नाहीच.
कुठल्या तरी जुन्या रेकॉर्डवर
गाणारा श्वास घ्यायला थांबला होता,
तेवढ्यात ढोलवाल्यानं जे वाजवून घेतलं
तेवढंच यांनी कापलं. दोन आवर्तनं.
आणि फिरवत ठेवलं. हे सगळं त्याच्यावर उभं.

फोनवर बराच वेळ फक्त पंखा ऐकू आला.
मग म्हणाले,
"गानारा थांबते, थे जागा आमचीच राहे.
नाच्या घुंगरू बांधाले मागं जाये, शाहीर पानी पिये,
अन् मी वाजवो. लोक तवाच बिडी प्याले उठत.
थे कापून ठेवाव, असं कोनाले सुचलं, बाई?
नाव काय त्या ढोलवाल्याचं?"

नाव मला माहीत नव्हतं.
मामाच्या लेबलवर नाही. तिकडच्या निवेदकानंही घेतलं नाही.

पुढच्या रविवारी ते स्वतःच आले, नातवाच्या मोपेडवर,
ढोलकीशिवाय. पुडी फाटलीय म्हणाले.
हेडफोन नको, कान गरम होतात म्हणाले.
बसले. मी भाग तीन लावला.
तिसऱ्या गाण्याला त्यांची बोटं टेबलावर गेली,
स्टीलच्या ग्लासाला अंगठी लागायची, टण्,
प्रत्येक वेळी जराशी उशिरा,
आणि त्या उशिरातच सगळी मजा.

माइक बंद करायला मी विसरले.
म्हणजे, विसरले असं कमिटीला सांगितलं.

तर आजचं शेवटचं:
भाग तीन, बी बाजू, जिथं टेप कोरी होती.
टेबल, ग्लास, अंगठी.
वाजवणारे डोमा बुरडे, आंधळगाव.
दोन आवर्तनं.
परत लावते.
नाव परत सांगते.