मोजदाद

लिफ्टला वीस तेत्री लागतात.
त्बिलिसीत आमच्या इमारतीत असंच आहे,
नाणं टाकलं तरच ती वर जाते.
आत पाटी: चार माणसं, तीनशे वीस किलो.
लोदी एकटा शहात्तर.
घाऊक बाजारात बटाट्याच्या काट्यावर उभा करून मोजला होता.
काटेवाला म्हणाला, 'ओतिया, पावती कुठल्या मालाची फाडू?'

लोदी म्हणजे आमच्या भाषेत धोंडा.
भावानं ठेवलेलं नाव. त्याचे गुडघे गेले,
मेंढ्या विकल्या, डोंगर सुटला,
आणि एका सप्टेंबरात हा धोंडा त्यानं
माझ्या सातव्या मजल्यावर आणून सोडला.
'खुंटाला बांधलेला मला बघवणार नाही,' म्हणाला.
जसं काही माझ्याकडे कुरण होतं.

घरातला बोळ अडीच फुटी. त्यात त्याला वळता येत नाही.
स्वयंपाकघरापर्यंत येतो, थांबतो,
आणि तसाच मागे मागे जातो.
मी अठ्ठावीस वर्षं ट्राम चालवली, मला कळतं.
वळायला डेपो लागतो.

लाळ भिंतीवर, माझ्या कमरेइतकी उंच,
वाळली की पापुद्रा निघतो.
रोज पातेलंभर ओट, त्यात बाजारातली फुप्फुसं,
शिजताना सगळा जिना नाक धरतो.
कोपरांना घट्टे पडलेत, त्यांना अक्रोडाचं तेल.
जंताच्या गोळ्या वजनावर देतात.
पेन्शन वजनावर देत नाहीत.

पहिल्या हिवाळ्यात तो झोपायचाच नाही.
दाराला पाठ लावून बसायचा, कापलेल्या कानांची बुडखं ताठ.
लिफ्टचा दोर खडखडला की मान वर.
तिसऱ्यावर थांबली, त्सिआला, हॉस्पिटलातून.
पाचव्यावर, जुम्बेर, टॅक्सी लावून.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग दोनच्या सुमाराला नवव्यावर, नोदार,
कुठून यायचा त्यालाच ठाऊक.
नववा मजला वाजला की लोदी आडवा व्हायचा,
सगळी फरशी हलायची,
आणि असा सुस्कारा टाकायचा
की मला माझ्या बापाची आठवण यायची.

मला समजायला मार्च उजाडला.
मेंढ्या मोजत होता तो.
कोण आत आलं, कोण अजून बाहेर.
आम्ही, जिन्याच्या दिव्याच्या बिलावरून
एकमेकांशी न बोलणारे अठरा बिऱ्हाडं,
आमचा त्यानं कळप केला होता.
आम्हाला विचारलंही नव्हतं.

आता नऊ वर्षांचा झालाय. एवढ्या मोठ्या कुत्र्याला
नऊ म्हणजे पुष्कळ, डॉक्टरीण सांगते,
आणि माझ्याकडे बघायचं टाळते.
मागचे पाय धरत नाहीत.
पोटाखालून जुनी चादर घालतो,
एक टोक मी धरतो, एक जुम्बेर,
चादरीमुळे दिव्याच्या बिलाचं भांडण मिटलं.
खाली मुतायला नेतो, वर आणतो. चाळीस तेत्री.

कान गेले ते आधीच.
तरी रात्री दाराशी बसायचं सोडत नाही.
म्हणून मीही फरशीवर गादी टाकली आहे.
लिफ्ट वाजते ती मी ऐकतो
आणि त्याच्या मानेवरच्या केसांत बोट दाबतो.
त्सिआला, एकदा.
जुम्बेर, एकदा.
मग तो वाट बघतो. अंधारात त्याचं डोकं उचललेलं,
उष्ण श्वास माझ्या मनगटावर.

नोदार फेब्रुवारीत पोलंडला गेला.
कोंबड्या कापायच्या कारखान्यात आहे,
सही करताना बोटं वळत नाहीत म्हणतो.
परत येईल असं नवव्या मजल्यावर
फक्त त्याची आई बोलते.

दोन वाजतात. लिफ्ट खालीच आहे.
मी बोट दाबतो.
लोदी आडवा होतो. फरशी हलते.

त्या बाईला हे मी सांगितलेलं नाही.