कानाला हात

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात अठ्ठावीस वर्षं
पेट्या मोजल्या कुदळे सरांनी,
आणि साडेपाचचा भोंगा झाला की आम्हाला.
नऊ भरले की म्हणायचे,
"चला, हरण्यापुरते झालो."

मैदान म्हणजे कारखान्याच्या भिंतीमागचा उतार.
पहिला बेस सिमेंटची गोणी, दुसरा सायकलचं टायर,
तिसरा, ऋतूप्रमाणे, चिखल.
येणारेजाणारे स्कूटर थांबवून विचारायचे,
"हे काय, विटीदांडू?"
"हो," सर म्हणायचे, "परदेशी जाऊन आलेला.
म्हणून जरा अंग धरलंय."

या खेळात घरातून निघायचं,
कोपरे फिरून परत घरीच यायचं,
आणि त्याची मिळते एक धाव.
"तुमच्या काकूंना हे पटत नाही," सर सांगायचे.
"मी रोज एक काढतो.
त्या म्हणतात, उशिराची धरत नाही."

जगन बिडकर ओळीने अकरा वेळा बाद झाला
आणि बॅट आपटून भिंतीकडे तोंड करून बसला.
सर शेजारी टेकले, शेंगा सोलत.
"दहात तीनदा मारतो तो इथे राजा.
शाळेत दहात तीन म्हणजे
पालकांना घेऊन या.
खेळ निवडताना तरी तू अक्कल वापरलीस."
मग बराच वेळ काहीच नाही.
टरफलं खिशात कोंबत उठताना,
"सातच्या सात उरकल्यास की रे.
वर चार आगाऊ भरल्यास."

खुणा तीनच.
टोपीला हात: थांब.
नाक पुसलं: बॅट आडवी धर, चेंडू नुसता निजव.
कानाला हात: पळ, पुढचा बेस चोर.
"लोक आधी चोरी करतात, मग कानाला हात लावतात.
आपण आधी लावतो.
आपल्याकडे उधारी नाही."

पंच्याण्णवची फायनल, समोर देहूरोड.
बरोबरीत सगळं, दोन बाद, शेवटचा डाव,
मी तिसऱ्या बेसवर, चिखलात,
आणि नदीकडून डास आले.

सरांनी कानावर चापट मारली.

मी पळालो.
कॅचर चेंडू हातात घेऊन बुटाची नाडी बघत होता.
त्याला वाटलं, मी काहीतरी विचारायला येतोय.
त्याने मान वर केली तेव्हा मी घरी होतो,
पोटावर, तोंडात माती, आणि वर जगन.

कपासोबतच्या फोटोत सर असे उभे आहेत
जणू वर्षभर हेच आखत होते.
परतताना लुनावर मागे बसवून विचारलं,
"का पळालास?"
"खूण होती, सर."
होळकर पुलापर्यंत ते गप्प.
पूल संपल्यावर म्हणाले,
"उद्यापासून खूण बदलू.
डासांना कळलीय."

बदलली मात्र नाही कधी.

परवा गेलो होतो. भिंत तीच, उतार सपाट केलाय,
बेस आता खरे, पांढरे, विकतचे.
पोरांना नवे कोच आहेत, शिट्टीवाले, चांगले आहेत.
सर कुंपणापाशी प्लास्टिकच्या खुर्चीत,
कानात यंत्र, ते सारखं शिट्टी घालतं.
मी म्हटलं, "सर, ओळखलंत?"
"पाय ओळखले," म्हणाले. "तोंड कुणाचं लावलंयस?"

मी शेजारी बसलो. शेहेचाळीस पूर्ण,
डावा गुडघा डॉक्टरांनी नावानिशी ओळखतात असा.
तिसऱ्या बेसवर एक बारका पोरगा
घराकडे बघत, डगमगत.
यंत्र पुन्हा किंचाळलं.
सरांनी हात वर नेला,
कानाला लावला.

पोराला काय कळणार. तो जागचा हलला नाही.

खुर्ची मात्र पडली.
माझी.