मागचे दोन शॉकअप

नेब्रास्कात, कर्नी गावी,
मक्याच्या कोठारांमागच्या गल्लीत
मी ट्रकखाली उताणा पडलोय.
पाठीखाली पुठ्ठा, टीव्हीच्या खोक्याचा.
ट्रक दोन घोड्यांवर.
छातीवर एकवीसची गोटी, पापण्यांवर गंज.

मागचे दोन्ही शॉकअप पाझरताहेत.
पाझरणं म्हणजे धार नव्हे.
नुसती ओल, आणि ओलीवर बसत गेलेली रस्त्याची धूळ,
लोणच्याच्या बरणीला बाहेरून धरतो तसा
काळपट चिकट थर.

गॅरेजवाला म्हणाला होता साडेचारशे डॉलर.
मी म्हणालो, विचार करून सांगतो.
हे वाक्य आपण जाऊ तिथे बरोबर नेतो.

कालपासून तीनदा तेल मारलंय बोल्टांवर.
वरचे दोन सुटले, कुरकुरत का होईना.
खालच्यांचं नाव नको.
पान्यावर उभा राहिलो, अक्षरशः,
बहात्तर किलो, बुटांसकट.
ढिम्म.

तेव्हा कुंपणापलीकडून लोर्ना व्होंड्राचेक आली,
खांद्यावर कपडे वाळत घालायचा लोखंडी पाइप.
ट्रक पूर्वी तिच्याकडचा.
एमिल गेल्यावर मला विकला,
चावीबरोबर एक तळहाताएवढी वही दिली,
कुठलं तेल कधी बदललं त्याची.

म्हणाली, एमिलनं लावलेत ना ते? मग विसर.
सगळंच जास्त आवळायचा तो.
बरण्यांची झाकणं. नळ. बुटांच्या नाड्या.
थांबली.
पोरंसुद्धा.
थोरला अलास्कात असतो आता.

पान्याच्या दांड्यावर पाइप चढवला,
दोघांनी मिळून रेटलं.
बार उडाल्यासारखा आवाज,
समोरच्यांचं कुत्रं भुंकता भुंकता गप्प.
बोल्ट सुटला नव्हता, तुटला होता.
"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली, जवळजवळ समाधानानं.
(नवे बोल्ट आणून ठेवले होते मी,
शहाणपणानं नव्हे, दुकानदाराच्या भिडेखातर.)

जुना शॉकअप उभा धरून दाबला.
खाली गेला, आणि खालीच राहिला.
विरोध नाही, परत येणं नाही.
नवा पट्टीनं जखडून आलेला. पट्टी कापली
तर सावकाश वर आला,
दुपारची झोप पुरी झालेला माणूस उठतो तसा,
कुणी हाक न मारता.

मी तिला सांगत बसलो, उगाचच,
की वजन हे पेलत नाहीत, वजन पाटे पेलतात.
यांचं काम एवढंच:
गचका बसला तर तो एकदाच बसू द्यायचा.
ती म्हणाली, हं.
जुन्यावर एमिलच्या हातची तारीख होती, पांढऱ्या रंगात.
तिच्यावरून अंगठा घासत होती,
निघते का बघावं तशी.
निघाली नाही.

शेवटचं आवळणं चाकं जमिनीला टेकल्यावर,
अंगावर भार आल्यावर. आधी आवळलं
तर रबराचे बुश कायमचे पिळलेले राहतात.
पुस्तकात लिहिलंय तितकंच आवळलं,
वर पाव वेढाही नाही. ती बघत होती.

सांडलेल्या तेलावर मांजराची वाळू टाकली.
बंपर दाबून सोडला. उठला, थांबला.

मग तिला घेऊन रेल्वे फाटकापर्यंत चक्कर.
तुटका बोल्ट तिच्या स्वेटरच्या खिशात होता,
खिसा एका बाजूला ओढला गेलेला.
मी काही बोललो नाही.

रूळ दिसले तसा तिचा हात
आपसूक डॅशबोर्डवर गेला,
पाची बोटं पसरून.
रूळ गेले.
पलीकडचं पेट्रोल पंपाचं वळण गेलं.
हात तिथेच.

"झालं?" तिनं विचारलं.