स्थळ बघताना

“स्थळ बघतोय,” म्हणालो फोनवर,
तर आई एकदम सावरून बसली: कुणासाठी?
आम्हा अकरा जणांसाठी, म्हटलं.
तीन वर्षं रोज रात्री मिळून एक शब्दकोडं सोडवतो
आणि कुणी कुणाचा चेहरा पाहिलेला नाही.
“मग पत्रिका तरी बघा,” ती म्हणाली.

मी शारजात, टाइल्सच्या गोदामात
फुटलेल्या फरश्या मोजून वहीत लिहितो,
म्हणून खर्चाचं माझ्या गळ्यात पडलं.

दुबईतला हॉल: दीड हजार दिरहम, पाण्याच्या बाटल्या वेगळ्या.
बाटल्या वेगळ्या, हे मी दोनदा वाचलं.
खाडीतली दिव्यांची बोट: माणशी एकशे वीस.
दत्ताराम घाडी टगवर खलाशी. तो म्हणाला,
सुट्टीच्या दिवशीही बोटच का रे बाबांनो?
वाळवंट: उंटासकट नव्वद, उंटाशिवाय पंच्याऐंशी.
फिलोमिना डाबरे, अजमानला रात्रपाळीची नर्स:
वाळू माझ्या बुटात रोज फुकट येते.
रझिया मुकादम मस्कतहून: या की सगळे,
घर मोठं आहे, मासळीचं मी बघते.
पण हद्द ओलांडायला कागद लागतात, कागदाला पैसे,
आणि काहींचे पासपोर्ट मालकाच्या कपाटात.
इक्बाल परकारच्या हॉटेलातली मागची खोली फुकट,
फक्त अकरा बिर्याण्या खायच्या.

प्रत्येक जागेखाली नीळकंठ लिहायचा, चालेल.
हॉल चालेल. बोट चालेल. उंटही चालेल.

त्याच आठवड्यात एक शब्द अडला होता,
उभा, नऊ नंबरचा, तीन अक्षरी:
दुसऱ्याची काढू नये, आपली ओळखून असावी.
दत्ताराम म्हणाला, लायकी. पहिलं अक्षर जुळेना.
रात्री पावणेदोनला नीळकंठनं लिहिलं,
ऐपत.
वा, म्हणालो आम्ही. दहा जण वा म्हणालो
आणि झोपलो.

मला झोप लागली नाही.
इतके दिवस मी एकूण खर्चाला अकरानं भागत होतो.
उठून पुन्हा वही काढली,
या वेळी एकाच माणसापासून सुरुवात केली:
वेल्डर, अल सजाचा कॅम्प, रस्त्याला लागायला चाळीस मिनिटं पायी,
मग बस, मग दुसरी बस,
परतीची शेवटची कितीला सुटते.

सकाळी मी सगळ्यांना कळवलं, जागा: अल सजा.
नावावरून कुणी विनोद केला नाही.
केला, दत्तारामनं केला. पण एकच.

जानेवारीचा वारा, लांब गॅसच्या चिमणीची ज्योत,
कॅम्पच्या मागे एक घाफचं झाड.
“आपली शमीच आहे ही,” नीळकंठ म्हणाला,
आणि आवाजावरून आम्ही त्याला ओळखलं.
बारीक माणूस, इस्त्रीचा शर्ट, घडी मोडली तो बहुधा आजच.
झाडाखाली त्यानं रंगाच्या अकरा बादल्या
घासून, उपड्या मांडल्या होत्या.
प्रत्येकीवर पुठ्ठ्याचा तुकडा, बसायला.

मग फार वेळ कुणी बोललंच नाही.
रात्री इतके बडबडणारे आम्ही,
एकमेकांचे कान, नाक, टक्कल बघत बसलो
चुकून दुसऱ्याच्याच घरात शिरल्यासारखे.
फिलोमिनाला बसल्या बसल्या डुलकी लागली.
रझियाबाईंनी डबा उघडला तेव्हा कुठे सुरू झालं.

कडक चहा दोनदा, खुबूस, कागदी पेले:
साडेअडतीस दिरहम.
राहू दे, मी देतो, असं माझ्या तोंडावर आलं होतं.
उभा नऊ आठवला. गप्प बसलो.
नीळकंठनं माझ्या हातावर साडेतीन दिरहम मोजले,
सगळ्यांच्या आधी, सुटे,
आणि विचारलं, पुढच्या वेळी कुठे?

रात्री आईचा फोन आला: जमलं का?