आडव्या रेघा

पेटी आली तेव्हा हिरवी होती.
दवाखान्याच्या खिडक्या रंगवून उरलेला ऑइलपेंट
कुणी फासून टाकलेला, गुंड्यांसकट.
प्रेमिलाबाई गेडाम, रिटायर नर्स,
पोंभुर्ण्याहून एसटीत मांडीवर घेऊन आल्या.
चादरीची गाठ स्वतःच सोडली.
"आवाज नाई पायजे मले, मिस्त्री.
आतलं सारं भंगारवाल्यानं नेलं.
पेटी तेवढी नीट करा,
मी तिच्यात बीपीच्या गोळ्या ठेवीन."

मी म्हटलं, पंधरा दिवस.
लागले अडीच महिने.

हिरव्याखाली तपकिरी,
तपकिरीखाली काळा पडलेला जुना चपडा.
आधी तापवलेली पट्टी, मग पटाशीची पाठ,
शेवटी नखं.
आतून बिडीचा वास, उंदराच्या लेंड्या,
मागच्या फळीला लायसनची तिकिटं,
वर्षाला एक. बहात्तर साल फाटलेलं.
काचेवर कोलंबो शाबूत, दिल्ली अर्धी.
नागपूर तर लिहिलेलंच नव्हतं.

घुणाची भोकं मोजू नयेत, बाबा म्हणायचे,
मोजली की वाढतात.
मी न मोजता बुजवली
सरसात सागाचा भुसा कालवून.

मग डावा कोपरा उघडा पडला.
तीन बोटं रुंद ठिगळ.
सारी पेटी सागाची आणि हे बिजाचं,
सागाच्या रेघा उभ्या, याच्या आडव्या.
मी लटारीला हाक मारली,
"पाय, कोन्या गाढवानं केलं हे?
असं नाई करत कधी."
लटारी हसला. मीही हसलो.
ठिगळाच्या कडेला गरम पट्टी टेकवली.

जुना सरस तापला की खुरांचा वास येतो.

त्या वासात आमची पडवी होती,
चुलीवर सरसाचं डबडं,
बाबा खिळे आणायला चांद्याला गेलेले,
आणि नऊ वर्षांचा मी,
ते यायच्या आत काम उरकून दाखवावं म्हणून
हाताला लागला तो तुकडा कापून,
चिकटवून, वर जात्याची पाळ ठेवून
तिच्यावर बसून राहिलेला.

बाबांनी अंगठा फिरवला.
एकदा आडवा, एकदा उभा.
रेघ चुकली म्हणून
मोठ्या काकांना वाकस फेकून मारणारा माणूस.
म्हणाले, "चिकटलं पक्कं,"
आणि पेटी तशीच
पोस्टमन गेडामांच्या घरी नेऊन दिली.
मजुरीत आठ आणे कमी घेतले.
गेडाम काही बोलले नाहीत.
गावातलं कुणाचंही अक्षर लावणारा माणूस,
त्याला आडव्या रेघा दिसल्या नसतील?

मी पट्टी बाजूला ठेवली.
आजूबाजूचा साग पापडासारखा उचलला होता.
ठिगळ जागचं हललं नव्हतं.

पुढचं काम चपड्याचं.
लटारीचा साळा पळसाची लाख खरवडून आणतो,
ती स्पिरिटमध्ये रात्रभर,
मग चिंधीचा बोळा, गोल, गोल,
हात थांबला की डाग.
साग सोनेरी होत गेला,
बिजा लाल.
दर हाताला कोपरा जास्तच दिसू लागला.
काजळी कालवून दाबता आला असता.
डबी उघडीच होती समोर.
लटारी दोनदा म्हणाला.

प्रेमिलाबाई आल्या.
झाकण उघडून पाहिलं, बिजागरी वाजते का बघितली,
गोळ्यांची पाकिटं मांडून पाहिली, बसली.
कोपऱ्यावरून अंगठा गेला त्यांचा.
थांबला की नाही, मला सांगता यायचं नाही.
"किती झाले?"
"अठराशे." मग म्हटलं,
"आठ आणे कमी द्या."
"आठ आने चालतेत कुटी आता, मिस्त्री,"
म्हणाल्या, नोटा मोजून दिल्या,
आणि चादरीला गाठ मारण्याआधी
पेटी फिरवून
तो कोपरा आपल्या अंगाकडे घेतला.