चौदा गोटे

पुलावरून गेलं तर पोडावर पोचायला पाऊण तास,
नाल्यातून सरळ उतरलं तर पंचवीस मिनिटं.
मधे मांडीभर पाणी
आणि माझ्या पिशवीत लोकांची आधार कार्डं.

म्हणून गोटे टाकायचं मनात आलं.
चौदा लागतील,
टेकडीखालचे, काळे, सपाट पाठीचे.
एक लोटत आणायला दोन तास.

मनीऑर्डरच्या जुन्या फॉर्ममागे मांडून पाहिलं:
पावसाळ्यात गोटे पाण्याखाली.
उन्हाळ्यात नालाच नाही, गोटे कायले?
उरले दिवाळी ते होळी, सतरा आठवडे,
आठवड्याला दोन फेऱ्या, फेरीला चाळीस मिनिटं.
जमा: बावीस तास चाळीस मिनिटं.
खर्च: अठ्ठावीस तास.
पहिल्या वर्षी पाच तास वीस मिनिटं अंगावर.
दुसऱ्या वर्षी फायदा, पण चारेक गोटे पूर नेणार.
तिसऱ्या वर्षी मी रिटायर.

कौतिका तुरीच्या शेंगा सोलत होती.
"अन् वाचलेल्या टायमाचं काय करसान?"
"घरी लवकर येईन."
"येऊन?"
टोपली रिकामी झाली तरी मला सुचलं नाही.
शेंगा सोलीन, एवढं म्हणालो असतो तरी चाललं असतं.

हा हिशोब करण्यात तीन संध्याकाळी गेल्या.
त्या कुठल्या रकान्यात टाकायच्या, तेही कळेना.

तरी रविवारी गेलो.
का, ते फॉर्मवर लिहिलेलं नाही.
सात रविवार, सात गोटे,
अंगठ्याचं नख काळंनिळं.
आणि अर्धा नाला झाल्यावर ध्यानात आलं,
अर्ध्या नाल्यानं वेळ वाचत नाही.
सातव्यावर उभं राहायचं, पलीकडं बघायचं,
आणि पुलाकडं वळायचं.
मग सोडूनच दिलं.

परवा सहज डोकावलो, तर आठवा गोटा.
माझ्या टेकडीचा नव्हे. तांबूस, पलीकडच्या अंगाचा.
लेतू आत्रामला विचारलं.
"कोनता गोटा?" म्हणाला,
आणि पावतीवर अंगठा टेकवला.
त्याचंही नख काळं.

आठवा जरा डुगडुगतो.
खाली चीप लावावी लागेल.
पाच मिनिटांचं काम.
फार तर दहा.