रिकामी रेघ

फॉर्मवर दोन रेघा आहेत.
पहिलीवर हदासाची सही,
शेवटचं अक्षर नेहमीसारखं खाली घसरलेलं.
दुसरी रिकामी.
तिच्यावर डंकनने चहाचा कप ठेवलाय.

आज सातवा दिवस.
लीड्समध्ये एप्रिल, म्हणजे खिडकीत ऊन आणि दारात गारा.
बाळाला अजून नाव नाही.
आमच्यात नाव आठव्या दिवशी, सुंता झाल्यावर.
तोवर मी त्याला 'बाबू' म्हणतो,
डंकन म्हणतो 'मिस्टर'.

"ते त्याचं आहे," डंकन म्हणतो,
आवाज न चढवता.
चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.
"मोठा होऊन त्याने मागितलं, तर मीच घेऊन जाईन."

डंकनचे वडील हम्फ्री,
जन्म हॅरोगेटचा, छत्तीस सालचा.
त्यांची झाली होती. ना धर्म, ना नवस;
डॉक्टर म्हणाले स्वच्छ असतं, आणि बऱ्या घरांत करतात.
त्यांच्या आजोबांच्या काळचे डॉक्टर तर लिहून गेले
की याने पोरांच्या वाईट सवयी सुटतात.
"सुटल्या का?" मी विचारलं.
म्हातारा इतका हसला की कवळी सावरावी लागली.

मग अठ्ठेचाळीस साल आलं, सरकारी दवाखाने आले.
कशाकशाचे पैसे द्यायचे ते ठरलं,
त्यात हे बसलं नाही.
रीत गेली हळूहळू,
कुणी मोर्चा काढला नाही, कुणी रडलं नाही.

आमची नाही गेली.
नवगावला जहाज फुटलं म्हणतात,
पोथ्या बुडाल्या, भाषा बुडाली,
तेल गाळत राहिलो, शनिवारी घाणा बंद ठेवत राहिलो
आणि आठव्या दिवशी हे.
डोक्यातून सगळं गेलं,
एवढं हाताला आठवत राहिलं.

माझ्या वडिलांची मखमली पिशवी वरच्या कपाटात आहे.
आत पातं.
अलिबागपासून पेणपर्यंतची आमची पोरं त्या हाताखालून गेली.
काम झालं की ते बेदाण्याच्या सरबतात बोट बुडवत
आणि बाळाला चोखायला देत.
ते बोट मला आठवतं, पातं नाही.

पण मी इथे तेहतीस वर्षं ऑपरेशन थिएटरात काढली.
एका रविवारी पहाटे आणलेला पाच आठवड्यांचा मुलगा.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर, ओळखीतल्या कुणीतरी...
मी कापूस बदलत होतो.
परत बदलत होतो.
त्याचा बाप भिंतीकडे तोंड करून पुटपुटत होता,
शब्द परके, देव ओळखीचा.
मुलगा वाचला.
हदासाला मी हे कधी सांगितलं नाही. डंकनलाही नाही.
आता सांगितलं तर ते कुणाच्या बाजूचं होईल?

वकीलबाई म्हणाल्या, कायद्याची मनाई नाही.
पण आईबाप दोघांत एकमत नसेल
तर एका सहीवर चालत नाही.
कोर्टात गेलात तर न्यायाधीश बाळाचं हित बघतील.
"हित म्हणजे नेमकं काय?"
त्यांनी पेनाला टोपण लावलं.

रात्री तीनला लंगोट बदलायची पाळी माझी.
बाबूने सरळ माझ्या चष्म्यावर धार धरली,
अखंड, बेफिकीर,
कुणाचीच सही न विचारता.
दारात डंकन उभा, केस पिंजारलेले.
हसला. टॉवेल दिला.
मग बराच वेळ गॅसजवळ घुटमळला.

कप उचलला तेव्हा
रिकाम्या रेघेवर चहाचं तपकिरी कडं होतं.
त्याने ते अंगठ्याने पुसलं, ते आणखी पसरलं.

"उद्या तो तुमचा मलिदा," तो म्हणाला,
"तो तर करायचाच ना?
पोहे किती वेळ भिजवायचे?"

मी म्हणालो, भिजवायचे नाहीत.
नुसते धुवायचे.